वजनदार बॅलेरिना

डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या कार्टूनपटातली हायसिंथ पाण्यातून वर येते, तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. शहामृगांची द्राक्षांच्या घडावरून झोंबाझोंबी चाललेली असते. घड हौदात पडतो, पाण्यावर बुडबुडे येतात आणि तो घड घेऊन एक पाणघोडी सावकाश वर येते. कमरेला झालरीचा आखूड टूटू आणि चेहऱ्यावर मुख्य नर्तिकेचा तोरा. मग ही बाई चवड्यांच्या टोकांवर उभी राहते आणि गिरक्या घ्यायला लागते. प्रेक्षक हसतात. पण ती चुकत मात्र कुठेच नाही. तोल जात नाही, ताल सुटत नाही, हाताची बोटंही जिथे हवीत तिथेच असतात. पाणघोडीला नाचता येत नाही, हा विनोद अगदीच सोपा होता. तिला उत्तम नाचता येतं हा विनोद अवघड, आणि डिस्नेच्या चित्रकारांनी तोच निवडला.

‘फँटेशिया’ न्यूयॉर्कमध्ये 13 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या आठ रचना घ्यायच्या आणि त्यांवर चित्रं हलवायची, अशी ती कल्पना होती. पाणघोडीच्या वाट्याला आली ती संगीतकार पोंकिएल्लीची ‘डान्स ऑफ द अवर्स’. ‘ला जोकोंडा’ हा त्याचा ऑपेरा 1876 साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात आला. त्यातल्या मेजवानीच्या प्रवेशात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी हा बॅले सादर होतो. विषय दिवसाच्या प्रहरांचा : पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्र. डिस्नेने हा आराखडा तसाच ठेवला, फक्त नर्तिका बदलल्या. पहाटेला शहामृग आले, दुपारला पाणघोडे, संध्याकाळला हत्ती आणि रात्रीला काळे झगे पांघरलेल्या मगरी. वेशभूषा, प्रवेश, निर्गमन, समूहनृत्य, शेवटी सगळ्यांचा एकत्र धुमाकूळ हे सगळं खऱ्या बॅलेच्या रिवाजाप्रमाणेच चालतं. रिवाज मोडला जातो तो अगदी शेवटी, हा नाच चालतो त्या राजवाड्याचे दरवाजेच निखळून पडतात तेव्हा.

प्राण्यांची निवड मात्र जितकी वेडगळ वाटते तितकी नाही. शहामृगाच्या पायाचा उलटा वाकणारा सांधा आपण गुडघा समजतो, प्रत्यक्षात तो घोटा असतो. म्हणजे हा पक्षी जन्मभर टाच उचलून बोटांवरच चालतो, आणि टूटूही त्याच्या अंगावर पिसांचा आयताच असतो. हत्तीच्या पायाचा सांगाडा पाहिला तर तोही बोटांवर उभा असतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असल्यामुळे पाय खांबासारखा सपाट दिसतो, इतकंच. हत्ती उडी मारू शकत नाही. पाणघोड्यांबद्दल मात्र 2024 साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वेगात दुडक्या चालीने पळताना त्यांचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. साधारण 0.3 सेकंद. डिस्नेच्या चित्रकारांना हे कुठून ठाऊक असणार! त्यांच्या टेबलावर हाइन्रिख क्ले या जर्मन व्यंगचित्रकाराची रेखाटनं होती, त्यांतले हत्ती आणि मगरी आधीच नाचत होते.

आता या सगळ्यात अडचण कुठे येते ते पाहू.

बॅले ही वजन लपवण्याची कला आहे. 1832 साली मारी तालियोनी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ नाचली आणि चवड्यांच्या टोकावर उभं राहणं ही नुसती कसरत न राहता त्याला अर्थ आला : ही बाई या जगातली नाही, हिचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात. तेव्हापासून नर्तिका त्याच भासामागे आहेत. बोटांभोवती कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेला बूट, त्याचं दोन-तीन बोटं रुंद टोक आणि त्यावर सगळं शरीर. बोटं सोलवटतात, नखं काळीनिळी पडतात, पण चेहऱ्यावर आठी दिसता कामा नये. डोक्यावर भरल्या हंड्यांची उतरंड घेऊन पाणंदीने जाणाऱ्या बाईची मान जशी ताठ आणि चाल जशी सहज दिसते, तशी.

चित्राचं नेमकं उलट असतं. चित्राला वजनच नसतं. कागदावरची मुलगी हवेत दहा फूट उडाली तर त्यात पराक्रम कसला? चित्रकाराने रेघ दहा फूट वर काढली, एवढंच. म्हणजे नर्तिका ज्यासाठी पंधरा-वीस वर्षं घाम गाळते, ते कार्टूनला फुकट मिळतं आणि फुकट मिळालेलं असल्यामुळे पाहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. कार्टूनमध्ये बॅले दाखवायचा तर आधी आकृतीत वजन भरावं लागतं, मगच ते हरवल्याची गंमत दाखवता येते. ते भरायचं कसं? उडीच्या आधी गुडघे किती वाकतात, खाली आल्यावर सावरायला किती वेळ लागतो, शरीर थांबल्यावर पोट आणखी कितीदा हेलकावतं, यांतून. सिनेमाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. पोट दोन चौकटी उशिरा थांबलं तर वजन जाणवतं, अंगाबरोबरच थांबलं तर पाणघोडी पुठ्ठ्याची होते.

हे कळण्यासाठी चित्रकारांनी नर्तकांना स्टुडिओत बोलावलं. रशियन बॅलेच्या परंपरेतली मंडळी त्या काळात अमेरिकेत दौरे करत होती. इरिना बारोनोवाच्या हालचालींवरून मुख्य शहामृग घडली, डेव्हिड लिशिनवरून मगरींचा नायक बेन अली गेटर आणि तात्याना रियाबुशिन्स्कायावरून हायसिंथ. म्हणजे पाणघोडीची पावलं त्या काळातल्या एका नाणावलेल्या बॅलेरिनाची आहेत. पण रियाबुशिन्स्काया सडपातळ होती, मांस कसं हलतं ते तिच्याकडून समजणार नव्हतं. त्यासाठी हॅटी नोएल या स्थूल कृष्णवर्णीय विनोदी अभिनेत्रीला टूटू घालून नाचवलं आणि त्याचं चित्रण चौकट-चौकट तपासलं. एकीकडून पावलं, दुसरीकडून वजन. यातली दुसरी बाब आज जरा खुपते. बारोनोवा आणि लिशिन यांना तिथे पाहुण्या कलावंतांचा मान होता, नोएलचं शरीर मात्र विनोदाचा कच्चा माल म्हणून आलं होतं. पडद्यावरची हायसिंथ इतकी रुबाबदार आहे, की हा अपमान तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्टुडिओत तो पोहोचला असेल.

या प्रसंगात एक बॅलेच्या घरातली कोटीही दडलेली आहे. हत्तिणींच्या म्होरकीचं नाव एलिफँशिन, जॉर्ज बॅलन्शिनवरून. बारोनोवा आणि रियाबुशिन्स्काया कोवळ्या वयात असताना त्यांना पॅरिसमध्ये हेरून मंडळीत घेणारा नृत्यदिग्दर्शक तोच. 1939 च्या डिसेंबरात तो संगीतकार स्ट्राविन्स्कीबरोबर डिस्नेचा स्टुडिओ पाहून गेला होता. पुढे जे झालं ते कार्टूनलाही मागे टाकणारं आहे. 1942 साली रिंगलिंग ब्रदर्स सर्कसने बॅलन्शिनला हत्तींचा बॅले बसवायला सांगितलं, त्याने संगीतासाठी स्ट्राविन्स्कीला गाठलं आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 50 खरे हत्ती आणि 50 नर्तिका एकत्र नाचले. हत्तींच्या कमरेला टूटू! ‘सर्कस पोल्का’ ही रचना अजून वाजवली जाते, हत्तींशिवाय.

‘फँटेशिया’तच चायकोव्हस्कीचं ‘नटक्रॅकर’ही आहे, आणि त्यात नर्तक नाहीतच. अळंब्या नाचतात, काटेरी फुलं रशियन नाच करतात, पाण्यात गळून पडलेली फुलं झगा फुलवून गिरक्या घेतात. आज अमेरिकेत नाताळ म्हटला की गावोगावी ‘नटक्रॅकर’ होतो, म्हणून हे विशेष वाटत नाही. 1940 मध्ये मात्र अमेरिकेत हा बॅले अख्खा कोणी बसवलेलाच नव्हता. तो सॅन फ्रान्सिस्कोत 1944 साली प्रथम झाला आणि बॅलन्शिनने न्यूयॉर्कमध्ये 1954 साली बसवल्यावर त्याची प्रथाच पडली. म्हणजे असंख्य अमेरिकनांनी या बॅलेचं संगीत माणसांआधी अळंब्यांच्या पायांनी पाहिलं. अळंब्यांपैकी सगळ्यात धाकटी दरवेळी रांगेत मागे पडते, धावत येऊन जागा गाठते आणि पुन्हा चुकते. समूहनृत्यात एक पोर चुकलं तर सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच जातात, हे गॅदरिंगला गेलेल्या कुठल्याही आईबापाला सांगायला नको.

हे सगळं सांगताना एका माणसाला मागे ठेवणं बरं नाही. किंबहुना गोष्ट त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवी, पण जवळजवळ शंभर वर्षं त्याचं हे काम कोणाला ठाऊकच नव्हतं. अलेक्सांद्र शिर्यायेव हा सेंट पीटर्सबर्गच्या मारीइन्स्की थिएटरचा नर्तक, थोर नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपाचा सहायक. जन्म 1867 चा. 1892 साली ‘नटक्रॅकर’चा पहिला प्रयोग झाला, त्यात हातात रिंग घेऊन नाचणारा विदूषक तो होता. संगीत तेच, ज्यावर पुढे डिस्नेची काटेरी फुलं नाचली. नाच बसवणाऱ्याची एक जुनी व्यथा असते : नाच कागदावर उतरत नाही, नर्तक म्हातारा झाला की तो त्याच्याबरोबर जातो. शिर्यायेवने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक छोटा सिनेकॅमेरा घेतला आणि नर्तिकांचं चित्रण करण्याची परवानगी थिएटरकडे मागितली. शाही थिएटरच्या कचेरीने ती नाकारली.

मग त्याने जे केलं ते वाचताना हात जोडावेसे वाटतात. त्याने घरात छोटा रंगमंच उभा केला. तारेच्या सांगाड्यावर वीतभर उंचीच्या बाहुल्या केल्या, त्यांना कपडे शिवले आणि नाच आधी पाऊल-पाऊल कागदावर मांडला. त्यानंतर प्रत्येक बाहुलीचा हातपाय किंचित हलवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचा. 1906 ते 1909 च्या सुमारास त्याने असे बाहुल्यांचे बॅले चित्रित केले. शिवाय लांब कागदी पट्ट्यांवर नाचणाऱ्या आकृती चितारून त्याही हलवल्या. बाहुलीपटांचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या आधीचं हे काम. त्याने ते कधी जाहीरपणे दाखवलंच नाही. व्हिक्टर बोचारोव या रशियन दिग्दर्शकाने 2003 मध्ये त्यावर माहितीपट केला, तेव्हा जगाला ते समजलं.

या बाहुल्या पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. करणारा माणूस चित्रकार नव्हता, नर्तक होता. त्यामुळे बाहुली गिरकी घेण्याआधी गिरकीची तयारी करते. खांदे आधी वळतात, डोकं शेवटी. उडीनंतर पाय जुळून बंद होतात. बारीकसारीक चूक नर्तकाच्या डोळ्याला जितकी टोचते तितकी चित्रकाराच्या डोळ्याला टोचत नाही.

टोचून घेणारे चित्रकारही असतात म्हणा. चक जोन्सचा ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ हा 1957 चा बग्ज बनीपट सगळ्यांना आठवतो तो वाग्नरच्या ऑपेरांच्या विडंबनासाठी. पण त्याच्या मधोमध एक रीतसर जोडीचा बॅले आहे. एल्मर फड शिरस्त्राण घालून आणि बग्ज सोनेरी वेण्या लावून नाचतात, तेही पूर्ण गंभीरपणे. संगीत आहे ‘टानहॉयजर’मधलं, आणि त्यामागची हकिगत कार्टूनला शोभणारी आहे. 1861 साली पॅरिसमध्ये हा ऑपेरा करायचा तर बॅले हवाच, असा तिथला नियम होता. वाग्नरने तो घातला, पण पहिल्या अंकात. तिथल्या जॉकी क्लबच्या श्रीमंत सभासदांची रीत अशी, की निवांत जेवण करायचं आणि दुसऱ्या अंकाला बॅलेतल्या मुली पाहायला यायचं. बॅले आधीच होऊन गेला म्हणून त्यांनी शिट्ट्या मारून प्रयोग उधळले, आणि तीन प्रयोगांनंतर वाग्नरने ऑपेरा मागे घेतला. शंभरेक वर्षांनी त्याच संगीतावर एक ससा नाचला आणि त्याला कोणी शिट्टी मारली नाही. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत या फिल्मला जागा मिळाली.

विनोदी कार्टूनं बॅलेची थट्टा करतात अशी एक तक्रार असते. मला ती पटत नाही. बॅलेचं खरं नुकसान करतात ती त्याला गुलाबी करून टाकणारी. 2001 साली ‘बार्बी इन द नटक्रॅकर’ आला. हेतू चांगला होता, खर्चही भरपूर. नृत्यदिग्दर्शन न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या पीटर मार्टिन्सचं, संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं, आणि खऱ्या नर्तकांच्या हालचाली मोशन कॅप्चरने संगणकात उतरवलेल्या. नर्तकाच्या सांध्यांवर खुणा लावायच्या, त्या खुणा कशा फिरतात ते यंत्राने नोंदवायचं आणि बाहुलीच्या सांगाड्याला ती नोंद जोडायची, अशी ती पद्धत. पावलं चोख आहेत. तरीही बार्बी तरंगते. सांधे कुठून कुठे गेले हे यंत्राने टिपलं, पण पोटरी ताठरल्याचं, जमिनीने पाय वर ढकलल्याचं, झग्याला थांबायला उशीर झाल्याचं त्या काळच्या संगणकाला पुरतं जमत नव्हतं. वजन मध्येच कुठेतरी गळलं. त्यातून बार्बीच्या बाहुलीचा पाऊल-घोटा तेव्हा बहुतेक उंच टाचेच्या सँडलसाठीच घडवलेला असे, म्हणजे ती जन्मतःच अर्धी चवड्यावर. जी कधी टाच टेकतच नाही, तिने टाच उचलली तर कळणार कसं?

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्या घराघरांत पोहोचलेली पेप्पा पिग. तिच्याही गोष्टीत बॅलेचा वर्ग आहे, मादाम गझेल शिकवते. पेप्पाचे पाय म्हणजे दोन काड्या. त्या काड्यांनी ती नाचते आणि घरी येऊन आईबाबांना शिकवते. बॅले म्हणावं असं त्यात काही नाही. पण पहिल्या दिवशी वर्गात गेलेलं पोर कसं दिसतं, ते मात्र अचूक आहे.

‘बॅलेरिना’ हा 2016 चा फ्रेंच-कॅनेडियन चित्रपट या दोन्हींच्या मधल्या वाटेने जातो. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस, ब्रिटनीच्या अनाथालयातून पळून आलेली फेलिसी, आणि ऑपेराच्या नृत्यशाळेत शिरण्याची तिची धडपड. पॅरिस ऑपेरा बॅलेची तारका ऑरेली द्युपाँ आणि नर्तक जेरेमी बेलँगार यांनी पावलं बसवली. शिकण्याची दृश्यं उत्तम आहेत. साचलेल्या पाण्यात उडी मारायची पण शिंतोडा उडू द्यायचा नाही, हा तिचा सराव उतरण्याची जात नेमकी पकडतो. इतिहासाच्या बाबतीत मात्र चित्रपट बिनधास्त आहे. आयफेल टॉवर अर्धा उभा आहे, म्हणजे साल 1887 च्या पुढचं. पॅरिसहून 1885 मध्येच रवाना झालेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून कारखान्यातच आहे. आणि फेलिसी झगडते ती ‘नटक्रॅकर’मधल्या भूमिकेसाठी, जो बॅले अजून चायकोव्हस्कीने लिहिलेलाच नाही.

जपानी मालिका ‘प्रिन्सेस टूटू’ (2002-03) या सगळ्यांत गरीब, आणि माझ्या मते सगळ्यांत हुशार. दूरदर्शन मालिकेला चित्रपटाचं बजेट नसतं, दर आठवड्याला सेकंदाला चोवीस चित्रं काढून बॅले नाचवणं परवडत नाही. बनवणाऱ्यांनी ओळखलं, की बॅले मुळात ठरलेल्या स्थितींवर उभा आहे. पायांच्या पाच मूळ स्थिती सतराव्या शतकापासून चालत आलेल्या आहेत, आणि अॅनिमेटरही आधी मुख्य स्थिती काढून मग मधली चित्रं भरतो. दोन्ही कलांची हाडं सारखीच. मग एक डौलदार स्थिती, तिच्यावर थोडा ठेहराव, मागे चायकोव्हस्की. बाकीचं काम पाहणाऱ्याचा डोळा करतो. शिवाय त्यांनी बॅलेतला मूक अभिनय वापरला, ज्याकडे बाकीच्या कार्टूनवाल्यांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘माझ्याबरोबर नाच’, मुठी आवळून मनगटं समोर एकमेकांवर आडवी टाकली की ‘मृत्यू’. कथकली किंवा भरतनाट्यम पाहिलेल्याला हे पटकन उमगतं. मालिकेत भांडणं तलवारीपेक्षा अशा हस्तमुद्रांनी मिटतात. वर नृत्यशिक्षक एक मांजर आहे, आणि नीट सराव न करणाऱ्या मुलींना तो आपल्याशी लग्न लावण्याची धमकी देतो.

नायिका आहिरू ही खरं तर बदक. जादूच्या लोलकाने ती मुलगी होते आणि गरज पडेल तेव्हा राजकन्या. मुलगी असताना ती वर्गात सगळ्यांत धांदरट, राजकन्या झाली की निर्दोष. सव्वीस भागांच्या या मालिकेच्या शेवटी तिला तो लोलक देऊन टाकावा लागतो. मग ती पुन्हा बदक होते, आखूड पायांचं, डुगडुगत चालणारं, आणि कावळ्यांच्या थव्यात एकटी नाचायला लागते. चोची बसतात, ती पडते, उठते, पंख पसरून पुन्हा पहिल्या स्थितीत उभी राहते. मालिकेने राजकन्येच्या इतक्या गिरक्या दाखवल्या, पण चित्रकारांनी सगळ्यांत जास्त जीव ओतलाय तो या फताड्या पायांच्या नाचात.